गोटीवरचा फेटा

“पर आणखी किती येळा उचलू, वस्ताद? आकडा सांगा, तेवढ्यांदा उचलतो.”

सर्जेराव धापा टाकत होता. तालमीतली अडीच मणांची दगडी गोटी त्याच्या पायाशी पडली होती. महिन्यापूर्वी ती छातीला लागायची. आज गुडघ्यावरूनच घसरली.

बाबालाल वस्तादांनी पेल्यात दूध ओतलं.

जत्रा बारा दिवसांवर आली होती. मागच्या दोन जत्रांत गावातल्या एकालाही गोटी खांद्यावर घेता आली नव्हती. यंदाही तसंच झालं, तर रिवाजाप्रमाणे शेजारगावचे लोक ती गाडीत घालून नेणार होते. सर्जेरावाच्या बापानं ती त्यांच्याकडूनच जिंकून आणली होती. बाप आता नव्हता. म्हणून पोरगं इरेला पेटलं होतं. सकाळी वीसदा, संध्याकाळी वीसदा, एका दिवसाचा खाडा नाही. अति तिथं माती, हे तालमीच्या भिंतींनाही ठाऊक होतं. त्याला नव्हतं.

वस्तादांनी दुधाचा पेला पुढे केला. सर्जेरावानं तो धरला, आणि निम्मं दूध मनगटावर सांडलं. हात लटलट कापत होता. त्याला शरम वाटली, आणि त्या शरमेचाच राग आला.

“आता दोन दिस हिला हात लावायचा न्हाई,” वस्ताद म्हणाले. “पुढं बी दोन दिसांआड. पाच येळा. बास.”

“बारा दिस ऱ्हायल्यात, आन् मी बसून खाऊ?”

“खा. झोप.”

सर्जेराव चवताळून गोटीकडे वळला. तोवर वस्ताद तिच्यावर जाऊन बसले होते.

संध्याकाळपर्यंत ते हलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही पहाटे येऊन बसले. दुपारी नमाजाला जाताना मात्र डोक्यावरचा फेटा काढून त्यांनी गोटीवर ठेवला.

तालमीत दुसरं कोणी नव्हतं. सर्जेरावानं दाराकडे पाहिलं. फेटा बाजूला सारायला कितीसा वेळ लागतो? एकदाच उचलू. जमतंय का तेवढं बघू...

हात पुढे गेला. बोटं फेट्याला टेकली आणि तिथंच थबकली. या फेट्यापुढं त्याचा बाप वाकत असे.

तो गोटीसमोर मातीत बसला, आणि त्याला रडू फुटलं. रडता रडता तिथंच डोळा लागला. अशी झोप शेवटची कधी लागली होती, त्याला आठवेना. वस्ताद परतले, पण त्यांनी त्याला उठवलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वस्तादांनी फेटा डोक्यावर चढवला आणि ते बाजूला झाले.

सर्जेराव वाकला. गोटी गुडघ्यावर आली... मांडीवर... छातीवर. आणि खांद्यावर बसली.

पाचही वेळा बसली. हात कापला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं गोटी धाडकन आदळली, तळव्यांना माती चोळली.

“आणखी एकदा, वस्ताद. आता दहादा बी जमंल.”

तो वाकला. हाताला दगड लागलाच नाही, कापड लागलं.

“उचलायला तुला येतंया,” वस्ताद म्हणाले. “आता ठेवायला शीक.”