कोल्होबाची विजेरी

जंगलात विजेऱ्या नव्यानेच आल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. कोल्होबा विजेरीत सेल घालून झाकण कायमचं चिकटवायचा. सेल संपला की विजेरी फेका, नवी घ्या, हाच त्याचा धंदा. साळूबाईच्या बिळात मेलेल्या विजेऱ्यांचा ढीग साचला. वैतागून तिने सिंहाकडे कायदाच मागितला: ज्याची विजेरी, त्याला तिचा सेल बदलता आला पाहिजे.

अंधाऱ्या गुहेतल्या दरबारात कोल्होबा स्वतःची विजेरी धरून उभा राहिला. "महाराज, झाकण उघडलं तर आत पाणी शिरेल. या अडाण्यांचे पंजे भाजतील. मला यांचीच काळजी."

बोलता बोलता त्याच्या हातातली विजेरी विझली. सवयीने त्याने तिचं न चिकटवलेलं झाकण फिरवलं, नवा सेल टाकला आणि भाषण पुढे चालू केलं.

साळूबाई म्हणाली, "कोल्होबा, पंजा दाखव बघू. भाजला असेल."