वाढलेला चुडा

वैशाख वद्य पंचमी. दिवस कासराभर वर आला होता. कुसवडी गावी पाटलांच्या अंगणात बैलगाडी येऊन थांबली, डावा बैल कशाला तरी बुजला, आणि गाडीतला बांगड्यांचा पेटारा खाली दगडी फरशीवर पडला. आत काच वाजली. अंगणात लग्नाची माणसे पुष्कळ होती. पुढची हकिकत त्यांनीच सांगितलेली आहे.

उदागीर महाराज तेव्हा कुसवडीतच होते. माघात आले, ओढ्याच्या वरच्या अंगाला पडक्या धर्मशाळेत उतरले आणि ‘चार दिवस’ म्हणून राहिलेले वैशाख लागला तरी हलले नव्हते. महाराज प्रवचन करीत नसत. पायावर डोके ठेवणाऱ्याला एवढेच विचारीत, "आज काय गोड दिसलं?" कोणी म्हणे, गाय व्याली. कोणी म्हणे, आज ताकाला लोणी चांगलं आलं. "काहीच नाही," असे कोणी म्हटले तर महाराज म्हणत, "मग जा, बघून ये." आणि त्याला खरोखरच माघारी धाडीत!

धर्मशाळेत रोज येणाऱ्यांत भिवरा कासारीण होती. नवऱ्यामागे त्याचा पेटारा तिने डोईवर घेतला होता. नवरा गेला त्या दिवशी बायकांनी तिच्या हातातल्या बांगड्या दगडावर ठेचल्या आणि रीतीप्रमाणे म्हणाल्या, "बांगड्या वाढवल्या." काच फुटली म्हणू नये, वाढली म्हणावे, ही आपल्याकडची बोलण्याची पद्धत. सगळे तसे म्हणतात आणि विसरून जातात. भिवरा विसरली नाही. वाढली म्हणतात ना, मग वाढवूनच बघू, असे तिच्या मनाने घेतले. सुतक फिटल्यावर तिने ते तुकडे वेचले आणि चुलीमागच्या ओल्या लिंपणात एकेक दाबून बसवले. त्याचा पोपट झाला. चोच हिरवीच राहिली, कारण लाल काच नव्हती. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना तिची नजर त्या हिरव्या चोचीकडे गेली आणि तिला हसू आले. आपण हसलो, याचेच तिला कितीतरी वेळ नवल वाटत राहिले.

तेव्हापासून ती घरोघरच्या वाढलेल्या काचा मागून आणी. धर्मशाळेची भिंत तिने मनावर घेतली होती. कमळे झाली, मासे झाले, मोर अर्धा झाला. महाराज स्वतः तिला चिखल मळून देत.

मुलीच्या लग्नाच्या आधी सगुणाबाई पाटलीण नैवेद्य घेऊन तिथे आल्या. बरोबर चार बायका होत्या. भिंतीपुढे त्या थबकल्या.

"काय गं भिवरे, ही शेळी म्हणायची का कोळी?"

"शेळीच की, बाईसाहेब. पाचवा पाय तुमच्या घरच्या काचेचा हाय. टाकवंना."

बायका खुदखुदल्या. पाटलीणबाई हसल्या नाहीत.

"वाढलं म्हणायची एक रीत असती, बाई. म्हणायचं आन् उकिरड्यावर टाकायचं. तू तर खरंच धरून बसलीस! जिचं सवताचंच वाढलं, तिनं दुसऱ्याच्या भिंती कशाला सजवाव्यात?"

भिवराचा हात भिंतीवरच थांबला. महाराज चिखल मळता मळता म्हणाले, "माय, आज काय गोड दिसलं?"

"लग्नघर हाय, महाराज. गोड बघायला मला सवड कुठली?"

"बरं," महाराज म्हणाले, आणि चिखलाचा गोळा त्यांनी भिवराच्या हातावर ठेवला.

मुलीचा चुडा विधवेच्या हातून भरून घेणे पाटलीणबाईंना नको होते. त्यांनी बाहेरगावचा कासार आणायचा घाट घातला. पाटील म्हणाले, "मान गावच्या कासाराचा. तो मोडायचा न्हाई." तेव्हा पाटलीणबाईंनी अंगणात, चारचौघांत भिवराला बजावले, "चुड्यातली एक जरी काच तडकली, तर या गावात पुन्यांदा पेटारा डोईवर घ्यायचा न्हाई. ध्यानात ठेव." भिवरा मान हलवून तालुक्याच्या बाजाराला गेली. एकेक बांगडी नखाने वाजवून घेतली, गवतात नीट रचली, आणि त्या सकाळी पाटलांच्याच गाडीतून परतली.

मग पेटारा पडला.

पाटलीणबाई हळदीचे हात घेऊन धावत आल्या. "फुटला! अगं बाई, चुडा फुटला!"

लग्नघरात तो शब्द निघाला. वाजंत्र्याने ओठाची सनई खाली घेतली. पाटावर बसलेली नवरी, मैना, हळदीच्या अंगाने रडू लागली. भिवराच्या तोंडून मात्र सवयीने निघून गेले, "वाढला, बाईसाहेब."

"जीभ झडो तुझी! पांढऱ्या पायाची! उचल तो पेटारा आन् टाक वड्यात. पुन्हा या दारात दिसू नगंस."

बाजार लांब. मुहूर्त गोरजाचा. दुसरा चुडा येणे शक्य नव्हते. भिवराने पेटारा उचलला. आत काचेचा भुगा एका बाजूला घसरला. कासारणीच्या कानाला तेवढे पुरते. पेटारा गेला म्हणजे गाव गेले, हे तिला कळत होते. तिने डोळे पुसले नाहीत, कारण दोन्ही हात गुंतलेले होते.

वाड्याच्या वेशीसारख्या मोठ्या दरवाजात महाराज उभे होते. त्यांना कोणी बोलावले, याचा पत्ता आजवर लागलेला नाही.

"कुठं निघालीस?"

"वड्याकडं, महाराज."

"काय झालं?"

"फुटला, महाराज!" पाटलीणबाई मागून ओरडल्या. "पोरीचा चुडा फुटला!"

महाराजांनी तिकडे पाहिले नाही. "मी हिला विचारलं."

भिवरा म्हणाली, "वाढला म्हणत्यात, महाराज. पर ह्या खेपेला…" तिने पेटारा हलवला. "तुमीच ऐका."

"ऐकलं. इतके दिवस म्हणत आलीस, ते खोटं म्हणत होतीस?"

भिवराने नकारार्थी मान हलवली.

"मग बस. पोरीचे हात घे."

महाराजांनी अंगावरची छाटी काढली, पेटाऱ्यावर पसरली आणि झाकण छाटीखालूनच अलगद काढून घेतले. म्हणाले, "आत बघू नकोस. पंगतीत वाढणारी बाई भांड्यात किती उरलं ते बघत नाही. हात घालायचा आणि वाढायचं."

भिवराने छाटीखाली हात घातला. पहिल्यांदा काच टोचली. बोटाला रक्त आले, ते तिला ओलसर लागले. खाली नुसते तुकडे होते. ती हात मागे घेणार, तोच बोटाला गोल काहीतरी लागले. तिने ते बाहेर काढले. हिरवी, अखंड बांगडी! सवयीप्रमाणे तिने ती नखाने वाजवली. खणखणीत वाजली.

मैनेचा हात दाबून, वळवून भिवराने ती चढवली आणि पुन्हा हात घातला. पुन्हा काच टोचली, पुन्हा बांगडी आली. मैनेचे दोन्ही हात भरले. तिने रडे थांबवून मनगटे हलवून पाहिली. बांगड्या किणकिणल्या, आणि हळदीने माखलेली ती पोर हसली.

"थांबू नकोस," महाराज म्हणाले.

मग करवल्या बसल्या, आत्या बसल्या, मावश्या बसल्या. भांडी घासणाऱ्या बायका परसातून आल्या, बोहल्याची मडकी घेऊन आलेली कुंभारीण बसली. भिवराने बाजारातून आणला होता तो नवरीचा आणि नवरीच्या आईचा चुडा, बस्स! ती भरत गेली. मध्येच एक जांभळी निघाली. जांभळी तिने घेतलीच नव्हती. कुंभारणीने ती डोळ्यापुढे धरून उन्हात पाहिली आणि म्हणाली, "अगं, ही तर पिकल्या जांभळावानी!" सगळ्या बायका हसल्या. भिवराची बोटे रक्ताने लाल झाली होती, तीही हसली.

शेवटी सगुणाबाई समोर बसल्या. हात पुढे केला, पण मूठ लाकडासारखी ताठ.

"सैल सोडा, बाईसाहेब," भिवरा नेहमीच्या सुरात म्हणाली. "हातात जीव धरू नगा."

पाटलीणबाईंचा हात सैल पडला, आणि त्याबरोबर डोळ्यांतून धार लागली. त्यांच्याही मनगटावर चुडा चढला. बांगड्या भरून झाल्या की भरणारीला नमस्कार करायचा, अशी रीत आहे. विधवेला नको म्हणून कुसवडीच्या बायका पेटाऱ्याला हात लावून उठत. पाटलीणबाई पेटाऱ्याकडे वळल्या नाहीत. भर अंगणात त्यांनी भिवराच्या पायावर कपाळ टेकले.

"भिवरे, म्या वंगाळ बोलले. तू म्हणत व्हतीस त्येच खरं निघालं."

"उठा वो, बाईसाहेब. मला तरी कुठं म्हाईत व्हतं!"

मग त्या महाराजांच्या पायाशी गेल्या. महाराज म्हणाले, "सगळ्यांचं झालं का?"

"झालं, महाराज."

"नीट बघ."

पाटलीणबाईंनी अंगणभर पाहिले. एकेक मनगट पाहिले. शेवटी त्यांची नजर भिवराच्या हातांवर आली. ते तिच्या मांडीवर होते, मोकळे. एक म्हातारी पुटपुटली, "अगं सगुणे, रीत…" पाटलीणबाईंनी पदर खोचला, पेटारा आपल्याकडे ओढला आणि छाटीखाली हात घातला. काच टोचल्याने त्यांचा चेहरा आक्रसला. हात बाहेर आला तेव्हा मूठ मिटलेली होती.

इथपर्यंत सगळ्यांचे सांगणे एक आहे. मैनेचे लग्न गोरजावर लागले, यातही वाद नाही. पाटलीणबाईंच्या मुठीत काय होते, हे मात्र जो तो निराळे सांगतो; कोणी म्हणतो बांगडी, कोणी म्हणतो नुसती काच. जवळ बसलेली कुंभारीण एवढेच सांगे, की पाटलीणबाईंनी दुसऱ्या हाताने भिवराचे मनगट धरले, आणि भिवराने हात सैल सोडला होता.