‘येते’ म्हणून गेलेली माणसं

फुलांच्या पठाराच्या कडेला एक इवलंसं घर होतं, आणि त्या घरात सोनकी नावाची मुलगी रागावून बसली होती. पठारावरच्या पिवळ्या फुलाचं नाव आईनं तिला ठेवलं होतं. फूल नाजूक असतं. मुलगी मात्र तिखट निघाली.

राग यायला कारण होतं, बरं का. सोनकीच्या आईला, हौसाला, कॅन्सर झाला होता. वडील सोनकी रांगत होती तेव्हाच वारले, म्हणून घरात दोघीच. दूर खाली, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आईला सुईतून औषध देत. औषध फार कडक. ते आतल्या रोगाशी भांडायचं आणि भांडता भांडता आईचे केस घेऊन जायचं, तोंडात फोड आणायचं, पायातलं बळ न्यायचं. पठारावरून रस्त्यापर्यंत उतरायला तिला आता डोली लागायची. डोली म्हणजे बांबूला बांधलेली झोळी. आजारी माणूस झोळीत बसतं आणि बांबू चौघांच्या खांद्यावर असतो. डोली भिंतीला टेकून उभी होती. खांदे नव्हते.

उद्या औषधाचा दिवस होता. मागची खेप अशीच चुकली होती. आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "राहू दे गं सोनू. आता औषधाला नाही जायचं. लोकांना किती त्रास द्यायचा?"

"लोक कुठायत त्रास घ्यायला?" सोनकी म्हणाली.

आजार नवा होता तेव्हा सगळी वाडी भेटायला आली होती. शेजारची बयजाकाकी आली, दगडूतात्या आले, त्यांचे भाऊ आले, सुना आल्या. उठताना जो तो म्हणाला, "येते हं, हौसा." "येतो बरं का, वहिनी." सोनकीनं ते खरं धरलं. ती रोज पाट मांडायची, तांब्या भरून ठेवायची आणि उंबऱ्यावर बसून वाट बघायची. कोणी आलं नाही. शेवटी आईच म्हणाली, "वेडे, ती बोलायची रीत असते. निघताना 'जाते' म्हणू नये, म्हणून 'येते' म्हणतात."

"यायचं नसलं तरी?"

"नसलं तरी."

आई हसली. सोनकी हसली नाही. तिच्या पोटात जे पेटलं ते पेटलंच. त्यात बयजाकाकी पाणवठ्यावर सांगत सुटली होती, "त्या घरचं पाणी पिऊ नका गं, लागण होईल." आणि सोनकी जवळ गेली की आपली घागर पदराआड घ्यायची.

तर त्या दुपारी सोनकी विळा घेऊन शेळीच्या चाऱ्याला पठारावर गेली. पठार कसं फुललेलं. गुलाबी तेरडा, पांढरे गेंद, पिवळीधमक सोनकी, आणि मधेमधे सीतेच्या आसवांची निळी निळी फुलं, जणू आभाळाचे चिमुकले तुकडे सांडलेत. सोनकीला त्या सगळ्याचाच राग आला. आई भिंतीकडे तोंड करून पडलीय आणि हे हसतंय. तिनं ते तुडवायला पाय उचलला.

"अगं, पाय जरा जपून," कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं.

खाली तांबडी इवली पानं होती, आणि पानाच्या प्रत्येक केसावर एक चमचमता थेंब. या रोपाला दवबिंदू म्हणतात. पण ते दव नसतं, किडे पकडायचा डिंक असतो. त्या डिंकात अंगठ्याएवढी एक परी अडकली होती. जांभळा झगा, मोत्याचे पंख, आणि दोन्ही पंख चिकटलेले.

सोनकी उकिडवी बसली. "दुसरी जागा नव्हती का तुला?"

"तहान लागली होती. मला वाटलं दव आहे."

"दिसायला गोड दिसलं की फसायचं," सोनकी फणकारली. पण तिची बोटं फणकारत नव्हती. आईच्या तोंडातले फोड पुसता पुसता तिच्या बोटांना शहाणपण आलं होतं. तिनं ओढणीचं टोक ओलं केलं. घासलं नाही, ओढलं नाही. नुसतं टेकवलं, डिंक भिजू दिला आणि मग एकेक पंख सोडवला. सगळा वेळ तोंडानं परीला रागावत होती.

पंख झटकून परी तिच्या मनगटावर बसली. "माग काय हवं ते."

"माझ्या आईचा कॅन्सर काढून टाक."

परीचे पंख खाली झाले. "माणसाच्या शरीरात माझा हात पोचत नाही, बाळा. तिथे औषधच पोचतं."

"मग बयजाकाकीच्या तोंडात फोड आण. आईसारखे. मोठे."

"कोणाला दुखेल असलं मागणं मला उचलत नाही."

"मग काय उपयोग तुझा?" सोनकी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही तिला राग आला.

परी रुसली नाही. ती सीतेच्या आसवांपाशी उडत गेली. "इथे कान लाव," ती म्हणाली. सोनकीनं निळ्या फुलाला कान लावला. आतून झोपाळलेला आवाज आला, बयजाकाकीचा. *येते हं, हौसा.* शेजारच्या फुलात दगडूतात्या. *येतो बरं का, वहिनी.*

"माणसं बोलतात आणि विसरतात," परी म्हणाली. "ते शब्द इथे येऊन झोपतात. मी नवं काही देत नाही. पण झोपलेला शब्द उठवून ज्याचा त्याला परत देऊ शकते."

"उठव. सगळे उठव. आत्ता."

"उद्या उजाडताना उठवीन. पण ऐक. जे येतील त्यांना दार तू उघडायचं. जिच्यावर सगळ्यात जास्त राग आहे, तिलाही. एकालाही परत पाठवलंस तर सगळे परत जातील. आणि माझी जादू उद्याच्या दिवसापुरतीच."

सोनकीनं विचारलं, "आणि माझा राग?"

"तो तुझा आहे, मी कशी घेऊ? राग ठेव. दार तेवढं उघड."

उजाडलं. पठारावरची निळी फुलं लुकलुकली आणि त्यांतून सोनेरी शब्द मधमाश्यांसारखे भुणभुणत वाडीकडे उडाले. बयजाकाकी नवऱ्याला म्हणायला गेली, "भाकरी वाढू का?" तोंडातून निघालं, "येते."

"कुठून येतेस?" नवरा म्हणाला. "समोर तर आहेस."

"येते," काकी म्हणाली आणि घाबरून तोंड धरून बसली. तिकडे दगडूतात्या कोंबड्यांना हाकलत होते आणि ओरडत होते, "येतो, येतो." कोंबड्या उलट गोळा झाल्या. सुना मुलांना उठवताना म्हणाल्या, "येते." मुलांनी कूस बदलली. शब्द जिभेवर असे टोचत होते की दुसरं काही बोलताच येईना. एका वाटेला पाय टाकला की टोचणं थांबे, आणि ती वाट हौसाच्या घराची होती.

दारावर थाप पडली. सोनकीनं दार उघडलं. दगडूतात्या आत आले, भाऊ आले, सुना आल्या. कोणी तिच्याकडे बघेना. सगळ्यांत शेवटी बयजाकाकी, तोंडावर पदर धरून. सोनकी दारात आडवी उभी राहिली.

"सोड ना गं वाट," काकी म्हणाली.

"लागण होईल," सोनकी म्हणाली.

मागे तात्यांची चुळबुळ सुरू झाली. काकी दारातून वळली असती तर सगळेच वळले असते. सोनकीचे कान तापून लाल झाले होते. एवढ्यात आतून आईचा आवाज आला, "सोनू, कोण आलंय?" तो आवाज कसा होता सांगू? कित्येक दिवसांनी भिंतीकडून दाराकडे वळलेला होता.

सोनकी बाजूला झाली. "ये आत. पण मी बोलणार आहे."

आणि ती बोलली. "तू म्हणालीस येते. मी पाट मांडून बसले. तू पाणवठ्यावर काय सांगितलंस, तेही कळलं मला. कॅन्सर पाण्यानं लागत नाही, शिवून लागत नाही. मी आईच्या ताटात जेवते. तिच्या कुशीत झोपते. डॉक्टरबाईंनी सांगितलंय. तुला कोणी विचारायला नको म्हटलं होतं?"

तिनं आईच्या उशाचा तांब्या काकीपुढे धरला. सगळे बघत होते. काकीनं तांब्या उचलला आणि घटाघटा प्यायली, थोडं पाणी हनुवटीवरून सांडलं.

"मला काय बोलावं ते सुचत नव्हतं गं," ती म्हणाली. "हौसाचं डोकं बघितलं की भीती वाटायची. मग लांबच बरं वाटायला लागलं."

"काही बोलू नकोस," सोनकी म्हणाली. "डोली धर."

तात्या पुढे झाले. "चला, मी खांदा देतो."

"खांदा देतो म्हणू नका," सोनकी कडाडली. "ती जिवंत आहे. डोली उचलतो म्हणा."

"डोली उचलतो," तात्या कान पकडून म्हणाले. सुनांचा हात धरून झोळीत येऊन बसलेली हौसा इतकी हसली की तोंडातले फोड दुखले तरी तिला थांबता येईना.

पुढे तात्या आणि भाऊ, मागे बयजाकाकी आणि थोरली सून. डोली फुलांमधून निघाली. सोनकी आईचा हात धरून बाजूनं चालत होती आणि दगड आला की सगळ्यांवर ओरडत होती. उतारावर ती एकदम थांबली. "आज जादू आहे. पुढच्या सोमवारी कोण उचलणार?"

कोणाच्या जिभेवर आता काही टोचत नव्हतं. मागून काकी म्हणाली, "सोमवारी उजाडताना मी दारात उभी असेन. नसले तर माझ्या दाराला येऊन लाथ मार."

"मारीन," सोनकी म्हणाली.

तेव्हा तांबड्या पानांवरून परी वर उठली. जांभळ्याची गुलाबी झाली, गुलाबीची सोनेरी झाली. सोनकीनं मान वळवली तेवढ्यात तिथे नुसतं लखलखीत ऊन होतं आणि त्या उन्हात सगळी निळी फुलं रिकामी, हलकी होऊन डोलत होती.

आई बरी झाली का, असं विचाराल. बरं व्हायला पुष्कळ खेपा लागतात आणि कुठली खेप काय करील ते परीलाही ठाऊक नसतं. पण त्या दिवसानंतर एकही खेप चुकली नाही. सोनकी मोठी झाली तरी रागीटच राहिली. त्या वाडीत आजही कोणी अंथरुणाला लागलं, की सोनकी कमरेवर हात ठेवून रस्त्यात येण्याआधीच माणसं डोलीकडे धावतात.

कहाणी इथे टेकली. डोली पुढे गेली.