कडी घातलेले हात

शांतवन महाराज ख्रिस्ती कीर्तने करीत गावोगाव फिरत. त्या वर्षी ते पुन्हा देवखडक गावी आले आणि प्रार्थनामंदिराच्या पडवीत उतरले. नाव शांतवन, पण कुठे अन्याय दिसला की महाराजांचा राग नाकाच्या शेंड्यावर!

रविवारी प्रभुभोजन होते, म्हणजे प्रभू येशूच्या आठवणीने साऱ्या मंडळीने एकाच भाकरीतला घास खाण्याचा विधी. महाराज मंदिरात शिरत असता उंबऱ्याबाहेर, चपलांच्या शेजारी बसलेली सगुणाबाई त्यांना दिसली. गेल्या वर्षीही ती तिथेच बसली होती.

तिची हकिकत अशी. पटकीच्या साली तिची जाऊ तान्हूबाई घोटभर पाण्यासाठी दार ठोठावीत राहिली आणि रोगाच्या भयाने सगुणाबाईने आतून कडी घातली. कडी काढली तेव्हा तान्हूबाई ओट्यावर गतप्राण झाली होती. पाप लहान नव्हते, आणि सगुणाबाईने ते कधी लहान म्हटलेही नाही. गेल्या वर्षी साऱ्या मंडळीसमोर तिने ते रडत रडत कबूल केले, तेव्हा महाराजांनी तिच्या मस्तकावर हात ठेवून देवाची क्षमा तिला सांगितली होती.

मग ती अजून बाहेर का? तर मंडळीचे पंच अमोसराव यांचा तसा हुकूम होता म्हणून. मंदिराची झाडलोट तिने करायची, सारवण तिने करायचे, प्रभुभोजनाची भाकरसुद्धा तिनेच भाजायची, आणि त्यातला घास मात्र तिला द्यायचा नाही. हे सांगतानाही माझे डोके तापते. तिच्या हातची भाकर सारी मंडळी खात होती, एक तिला सोडून. त्याहून संतापाची गोष्ट म्हणजे हे तिलाही पटले होते. खोकल्याने ती खंगत चालली होती, आणि मेल्यावर मला कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर पुरा, असे तिने सांगून ठेवले होते.

महाराजांनी तिला आत बोलावले. ती उठली नाही. अमोसराव हसून म्हणाले, "महाराज, तुम्ही दोन दिवसांचे पाहुणे. माफी सांगून तुम्ही पुढच्या गावाला जाल. मंडळीची अब्रू आम्हाला सांभाळायची असते."

महाराज मेजापाशी गेले. त्यांनी भाकर उचलली, देवाचे आभार मानले आणि ती मोडू लागले. भाकर मोडेना. सकाळीच भाजलेली बाजरीची भाकर फरशीसारखी कडक झाली होती. अमोसरावांनी ती त्यांच्या हातून घेतली, गुडघ्यावर ठेवून जोर लावला. ते घामाघूम झाले, पण भाकरीचा कोपरासुद्धा तुटला नाही.

महाराज भाकर घेऊन तडक दाराशी गेले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. सगळ्यांना वाटले, आता अमोसरावांची धडगत नाही. पण महाराज कडाडले ते सगुणाबाईवर.

"देवानं तुला माफ केलं, हे ऐकलं होतंस ना?"

"ऐकलं व्हतं, म्हाराज."

"मग इथं का बसलीस?"

"ह्याच हातानं कडी घातली व्हती. राबायला चालत्यात ह्ये हात. त्याच्या पंगतीला कसे चालतील?"

महाराज म्हणाले, "प्रभू वधस्तंभावर मेला तो साऱ्या जगाला पुरला, आणि तुला एकटीला कमी पडला? तो तुझ्या दाराशी उभा आहे, आणि तू पुन्हा आतून कडी घालून बसलीस. त्यानं किती वेळ ठोठावायचं?"

तान्हूबाईचे ते ठोठावणे तिच्या कानांतून कधी गेलेच नव्हते. ती भिंतीला धरून उठली, उंबरा ओलांडून आत आली आणि दोन्ही हात तिने भाकरीला लावले. भाकर अलगद मोडली. तव्यावरून आत्ताच उतरावी तशी तिच्यातून वाफ निघाली! सगुणाबाईने पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला आणि ती मोठ्याने रडू लागली.

अमोसराव पुढे येऊन महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले. राग अजून उतरला नव्हता. "माझ्यापाशी काय आहे?" ते म्हणाले. "भाकर तिच्या हातात आहे."

अमोसराव वळले. सगुणाबाईपुढे गुडघे टेकून, मान खाली घालून त्यांनी ओंजळ पसरली. नाही म्हणायचा हक्क तिला होता. पण एकदा दार लावून बसलेल्या त्या बाईने त्यांना क्षणभरही ताटकळत ठेवले नाही.