मधली चित्रे

एकदा एका चित्रशाळेत एक नियम होता, आणि तो का आहे हे विचारायचे नाही, हाही त्या नियमाचाच भाग होता. तेथे हलत्या चित्रांचे पूर्ण लांबीचे चित्रपट हाताने काढले जात. प्रत्येक हालचालीची दोनच चित्रे ज्येष्ठांनी काढायची, पहिले आणि शेवटचे. म्हातारी बसली आहे. म्हातारी उभी आहे. त्या दोहोंमधली वीस-बावीस चित्रे धाकट्यांनी भरायची. चित्रपट संपल्यावर पडद्यावर नावे येत ती ज्येष्ठांची.

पुढे संगणक आला. दोन टोके दिली की मधले सारे तो क्षणात भरून देई. ज्येष्ठांना तो फार आवडला. धाकट्यांना घरी पाठवले गेले. संगणक चालवायला म्हणून एक शिष्या तेवढी ठेवली गेली. सहा वर्षे तिने मधलीच चित्रे काढली होती.

नव्या चित्रपटात एक म्हातारी अंगणातून उठते आणि कित्येक वर्षांनी परतलेल्या मुलीला पाहायला दाराशी जाते. सारा चित्रपट त्या उठण्यावर उभा होता. त्याची दोन्ही टोके शाळेच्या वृद्ध गुरूंनी स्वतः काढली, मधले संगणकाने भरले. सगळे पाहायला जमले. म्हातारी उठली खरी, पण पाण्यात दाबलेले बूच वर यावे तशी.

"हिचंच काहीतरी बटण चुकलं असेल," एक ज्येष्ठ शिष्येकडे बोट दाखवत म्हणाले.

"यंत्रच ते. त्याला जीव कुठून येणार?" दुसरे म्हणाले.

गुरू सतरंजीवर बसले होते, शेजारी त्यांची काठी होती. शिष्येने ती उचलली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली.

"अगं, ही कसली थट्टा? वयाचा तरी मान ठेव," पहिले ज्येष्ठ ओरडले.

"गुरुजी, काठी घ्यायला या," ती म्हणाली.

गुरूंचा हात सवयीने काठीच्या जागी गेला, तिथे नुसती जमीन लागली. त्यांनी डावा तळवा जमिनीला टेकला, उजवा गुडघ्यावर ठेवला. अर्धे उठले आणि थांबले. मान खाली, श्वास रोखलेला. मग एक पाय सरकला, मग दुसरा. उभे राहिल्यावरही कंबर सरळ व्हायला थोडा वेळ लागला.

"यातलं तुमच्या दोन चित्रांत काय आहे?" तिने विचारले. "गुडघ्यावरचा हात आम्ही काढत होतो. अर्ध्यावरचं ते थांबणंही आम्हीच. तुम्ही ते कधी सांगितलं नाहीत, कारण तुम्हाला ते आयतं मिळत होतं. यंत्राला दोष देऊ नका. जेवढं दिलंत तेवढंच त्यानं परत दिलं. एक बसलेली म्हातारी, एक उभी म्हातारी. उठणं तुमच्याकडे नव्हतंच."

गुरूंना राग आला नाही, म्हणून इतरांना अधिकच आला. गुरू भिंतीला टेकून आपल्या गुडघ्याकडे पाहत राहिले.

"खरं आहे," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मला वाटत होतं, म्हातारी मीच उठवतो." मग शिष्येकडे वळून, "तर मग यंत्र ठेवू बाजूला. मधली चित्रं पूर्वीसारखी तूच काढ, कागदावर."

"यंत्र फसलं हे बाहेर कुणाला कळायचंही नाही," पहिले ज्येष्ठ घाईने म्हणाले.

"मधली नाही काढणार," शिष्या म्हणाली. "काढेन तर अख्खं उठणं काढेन, बसल्यापासून दाराशी पोचेपर्यंत. आणि याच यंत्रावर. ते चालणार नसेल तर माझी खुर्ची रिकामी समजा."

गुरूंना काठी आणून द्यायचे कोणाला सुचले नाही. पडद्यावर म्हातारी उठत होती, बसत होती, पुन्हा उठत होती, गुडघ्याला हात न लावता. आणि गुरू तिच्याकडे पहिल्यांदाच पाहत असावेत तसे पाहत होते.