उदबत्ती बाहेर

“…मग ह्यातला कुठला देऊ, उस्ताद?”

निनादने दोन्ही डबे फळीवर ठेवले. एक लाल, एक निळा. दोन्ही ब्रेक साफ करायच्या स्प्रेचे.

उस्ताद म्हणजे जयराम पांचाळ. आंबा घाट उतरून साखरप्याला आलं की उजव्या हाताला त्यांचं गॅरेज. घाटाने तापवलेले ब्रेक उघडण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. निनाद शिर्के त्यांच्याच हाताखाली शिकला, आणि आता रत्नागिरीत काचेच्या दारांचं, एसीचं वर्कशॉप काढून बसलाय. मी दोघांनाही ओळखतो. माझ्या टेम्पोचं मागचं चाक उघडून ठेवलेलं, म्हणून टायरवर बसून विडी ओढत होतो. दुसरं करणार काय?

“लाल पेटतो,” निनाद म्हणाला. “निळा पेटत नाही. डब्यावरचं अक्षर न् अक्षर वाचून मी निळा घेतला. आपल्या लायनीत कोण करतं असं?”

“कोणी नाही करत,” उस्ताद म्हणाले.

“तरी सुऱ्या पडला.”

सुऱ्या त्याच्याकडचा सगळ्यात जुना कामगार. परवा गाडीखालच्या खड्ड्यात उतरून निळ्या डब्याने ब्रेक साफ करत होता, तिथेच बेशुद्ध पडला. एसी चालू, म्हणून दारं बंद, स्प्रेची वाफ खड्ड्यातच कोंडलेली. अजून इस्पितळातच आहे. डोळे उघडतो, बायकोला ओळखतो, एवढंच.

“उद्या वर्कशॉप उघडायचंय. सहा माणसं आहेत माझ्याकडे. लाल दिला तर भडका उडायची भीती, निळा दिला तर… मला झोप नाही, उस्ताद.”

उस्तादांचीही झोप झालेली दिसत नव्हती. गुडघ्यांवर हात टेकून ते कसेबसे उठले. लाल डबा निनादच्या हातात दिला आणि माझ्या उघड्या चाकाकडे बोट केलं.

“मार.”

निनाद वाकला आणि लगेच उभा राहिला. इकडे तिकडे बघितलं. माझ्या तोंडातली विडी काढून पायाखाली चिरडली, विचारलंसुद्धा नाही. मार्लेश्वराच्या तसबिरीपुढची उदबत्ती उचलून बाहेर पेरूच्या बुंध्याशी खोचून आला. दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या. ब्रेकचा ड्रम गार झालाय का ते हात जवळ नेऊन पाहिलं. मग बसला.

“थांब,” उस्ताद म्हणाले.

त्यांनी डबा काढून घेतला. पाय ओढत बाहेर गेले, उदबत्ती परत आणून तसबिरीपुढे लावली. दार लोटून घेतलं. मला खरं तर वैताग आला होता. तीनच्या आत देवरुखला पोचायचं, आणि इथे ह्यांचं हे चाललेलं.

निळा डबा निनादच्या हातात आला.

“आता हा मार.”

निनाद सरळ उकिडवा बसला, चाकात जवळजवळ तोंड घालून. मी दुसरी विडी पेटवली. मला कोणी काही म्हटलं नाही.

त्याचं बोट दाबायला गेलं, तोच उस्तादांनी आपला पंजा मध्ये घातला.

“सुऱ्या असाच बसला होता?”

निनाद उठला नाही. बंद दाराशी उदबत्तीचा धूर साचत होता, तो बघत राहिला.

“असाच,” तो शेवटी म्हणाला. “मीच सांगितलं होतं त्याला. हा पेटत नाही, बिनधास्त मार.”

“म्हणजे लाल देऊ?” त्यानेच विचारलं.

उस्ताद खाली बसले. डोळे मिटले. मला वाटलं, झोपले.

“काहीतरी एक सांगा, उस्ताद. उद्या त्या सहा जणांच्या तोंडाकडे बघायचंय मला.”

उस्तादांनी डोळे उघडले. माझ्या हातातली विडी घेतली आणि जमिनीवर विझवली. मग तसबिरीपुढची उदबत्ती काढून निनादच्या हातात दिली.

“कुठलाही दे. पण दारं उघडून ही बाहेर नेल्याशिवाय देऊ नको.”