खालचा पाऊस

“मग आता तरी म्हणा ना बाबा, की मला विद्या आली?”

विचारणारे आमचे हे. अजिनाथ. लग्नाला तीन महिने झाले, तरी नाव घ्यायचं तर मला अजून उखाणा शोधावा लागतो, म्हणून इथं एकदाच लिहिते.

गहिनीबाबा बांधावर बसले होते. आमच्या खोऱ्यातले जुने पाणाडी. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचे. नारळ जिथं उभा राहील तिथं लोक विहीर खणायचे. ह्यांनी सहा वर्षं त्यांच्या मागं चालून ती विद्या घेतली. वर तालुक्याला जाऊन भूजलाची पदविकाही घेतली, एक कमी पडली तर दुसरी हाताशी असावी म्हणून.

आणि आता ह्यांनी स्वतः दाखवलेली ही पहिली जागा. सातशे दहा फूट. तीन इंची पाइप भरून पाणी पडत होतं.

चैत्र होता. विहिरींचे तळ उघडे पडले होते. आम्ही बायका दोन किलोमीटरवर, नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरून आणत होतो. आज संध्याकाळी हे पाणी टाकीत सोडायचं होतं. चाळीस घरं, एक शाळा. उद्यापासून सकाळी किती वेळ झोपायचं, तेही मी ठरवून टाकलं होतं.

“हात लाव,” बाबा म्हणाले.

ह्यांनी धारेखाली ओंजळ धरली. “कोमट आहे.”

“कधीचं आहे?”

“कधीचं म्हणजे? बोअर चार दिवसांपूर्वी झालं.”

“वर आलं चार दिवसांपूर्वी. पडलं कधी?”

“पडलं...?”

“पाऊसच आहे लेका तो. दुसरं काय असणार? पडला तेव्हा इथं गाव नव्हतं.”

मी धारेकडे बघत राहिले. ऊन पेंगत होतं, मीही. कुणी नसलेल्या खोऱ्यावर तो पाऊस पडला असेल. पत्र्यावर वाजला नसेल, पत्राच नव्हता. कुणी वाळवण उचलायला धावलं नसेल. भिजत भिजत तो जमिनीत उतरला असेल, काळोखात, एकेका भेगेतून, कसलीच घाई नसल्यासारखा... खाली अजून पडतच असेल, असंही वाटून गेलं.

“इतकी वर्षं खाली काय करत होतं?” बाबांनी विचारलं.

“मुरत होतं.”

“कुणाबरोबर?”

हे हसले. “दगडाबरोबर. खाली दुसरं आहे कोण?”

“मग दोघं इतकी वर्षं एकत्र नांदली, तर एकाचं दुसऱ्यात काही उतरणार नाही होय?” बाबा माझ्याकडे वळले. “काय गं पोरी?”

तीन महिन्यांत मी सासूबाईंसारखी शिंकायला शिकले होते.

खोलवरच्या पाण्यात दगडातलं फ्लोराईड उतरू शकतं, हे ह्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पदविकेला त्यावर दहा गुणांचा प्रश्न होता. ह्यांना नऊ पडले होते. पण तपासणीला पाठवायची बाटली चार दिवस आमच्या खिडकीत उभी होती, चिठ्ठी चिकटवून तयार. अहवालासाठी आठ दिवस कोण थांबणार, म्हणाले होते.

“दिसायला काचेसारखं आहे, बाबा. चवीलाही गोड.”

“गोड असतंच.”

बाबांनी उजवा हात पुढं केला. “सरळ कर.”

ह्यांना थट्टा वाटली. मनगट धरून ह्यांनी हात ओढला. कोपरापाशी तो अडला. पुन्हा ओढला. बाबांनी डोळे मिटून घेतले.

हात सरळ झाला नाही.

लग्नात मी पाया पडले, तेव्हा तो हात माझ्या डोक्यापर्यंत पोचलाच नव्हता. मला वाटलं होतं, बाबांचा आशीर्वाद देतानाही हात आखडता.

“माझी पहिली जागा पलीकडं, आमच्याच वाडीत,” बाबा म्हणाले. “याहून मोठी धार होती. खांद्यावर घेऊन मिरवलं मला. अठ्ठावीस वर्षं सगळे प्यायलो. आधी पोरांचे दात पिवळे पडले. चोरून मिसरी लावतात, म्हणून आम्ही मारलं त्यांना.”

“मग आमचे गुडघे गेले. मग पाठी.”

ह्यांनी ओले हात सदऱ्याला पुसले. मग उठले आणि त्यांनी मोटार बंद केली.

धार बारीक झाली, तुटली. खाली साचलेलं जमिनीनं पिऊन टाकलं. माझे दोन किलोमीटर मला परत मिळाले.

तेवढ्यात वस्तीच्या वाटेनं बायका येताना दिसल्या. डोक्यावर रिकाम्या घागरी, पुढं आरतीचं ताट. कुणीतरी गाणंही म्हणत होतं.

“बाबा...” ह्यांचा आवाज एवढासा झाला होता. “पाणी लागलं म्हणून घरोघर पेढे वाटलेत मी. आता ह्या बायकांना काय सांगू? लागलं नाही म्हणू?”

“खोटं कशाला बोलतोस?”

बाबा बांधावरून सावकाश उठले.

“हाडांना लागतं म्हण.”